गणपती, इंटर्नल आणि मंडळाचं रक्तदान शिबिर: तिन्ही एकाच आठवड्यात. काय सोडू?

रामबागेतली_मंजू

नमस्कार मंडळी. इंदुरातच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरून ये-जा करते. पॅथॉलॉजी, मायक्रो आणि फार्मा, तिन्हींची इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) नेमकी गणपतीच्या दहा दिवसांत आली आहे. दांडी मारायची सोय नाही, कारण थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते आणि माझी आधीच काठावर आहे. घरी महालक्ष्म्या बसतात, म्हणजे तीन दिवस आई एकटी आणि सोळा भाज्या. मंडळाच्या लेझीम पथकात शाळेपासून आहे.

यंदा मंडळाने चतुर्थीनंतरच्या रविवारी रक्तदान शिबिर ठरवलं. 'आपली डॉक्टर आहेच की' म्हणत सगळं माझ्या गळ्यात घातलं: पत्रक, दात्यांची यादी, ब्लड बँकेशी बोलणं आणि शेजारी बीपी-शुगर तपासायचं टेबल. पत्रकावर माझ्या नावामागे 'डॉ.' लावून छापायलाही निघाले होते, ते कसंबसं थांबवलं. शिवाय कॉलेजने आम्हांला नेमून दिलेल्या 'दत्तक' कुटुंबांच्या भेटी आहेत त्या वेगळ्याच.

मला नाही म्हणायचं नाहीये. पण यातलं नेमकं काय सोडावं ते कळत नाही. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा.

निवांत_वाचक

झोप सोड. सगळे तेच करतात. (गंमत केली हो.)

अर्धझोपेतला_इंटर्न

गंमत कसली, खरंच तेच करतात, आणि मग पाचव्या दिवशी आरतीला उभ्या उभ्या डोळे मिटतात.

मंजू, एक बघ. दत्तक कुटुंबांच्या भेटी ही तुझी समाजसेवाच आहे, ती अभ्यासक्रमातच आहे आणि तिची नोंदही होते. तेव्हा 'मी समाजासाठी काही करत नाही' ही बोच मनातून काढ. शिबिरात काम कर, पण तुझ्या पायरीचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने टेबल मांडून लोकांना शुगर सांगायची म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. समोरचा विचारतो, 'दोनशे दहा आली, मग गोळी वाढवू का?' तुला उत्तर देता येत नाही, देऊही नये. बरं, सकाळपासून तीन मोदक खाऊन आलेल्या माणसाची ती शुगर. तिचा अर्थ काय लावायचा?

बंडूकाका_लोकमान्यनगर

मी त्या मंडळाचा नाही, दुसऱ्या मंडळाचा आहे, पण कार्यकर्ता म्हणून बोलतो. अरे भिया, पोरीला एवढं घाबरवून काय राहिले? आमचे वडील मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पगार थकले, तरी अनंत चतुर्दशीची झांकी (मिरवणुकीतला चित्ररथ) मजुरांनी बंद पडू दिली नाही. वर्गणी काढली, उधारी केली, पण रात्रभर झांकी फिरली. अन् आजकालच्या मुलांचा एक पेपर आला की सण माघारी. आम्ही पण परीक्षा दिल्या आहेत.

शिबिराची तारीख मंडळ ठरवतं, कारण गणपतीत माणूस घरातून बाहेर पडतो. एरवी रक्तदानाला बोलावलं तर कुत्रं येत नाही. गणपतीत शंभर बाटल्या आरामात होतात.

सुईदोरा

बंडूकाका, शंभर बाटल्या होतात, मान्य. पुढे त्यांचं काय होतं ते सांगते. माझी सगळी नोकरी रक्तपेढीत गेली, आता निवृत्त आहे.

बाटली (आता पिशवी, पण तोंडात बाटलीच बसलंय) आली की तिचे भाग वेगळे करतात. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गोठवून वर्षभर ठेवता येतो. पण प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या, डेंगीत घटणाऱ्या पेशी) पाचच दिवस. त्याही फ्रिजमध्ये नाही, २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर. आणि रक्त काढल्यापासून काही तासांत वेगळ्या केल्या तरच मिळतात.

आता इंदुरातला सप्टेंबर डोळ्यांसमोर आणा. पाऊस उघडतो, साचलेल्या पाण्यात डास होतात, डेंगीचे रुग्ण वाढतात. प्लेटलेट्ससाठी नातेवाईकांची धावाधाव सुरू होते ती याच सुमारास आणि पुढे ऑक्टोबरभर चालते. इकडे गणपतीचे दहा दिवस जो तो शिबिर घेतो. एकाच रविवारी चार-चार मंडळांचे फोन यायचे, सगळ्यांना आमचीच गाडी हवी. त्या आठवड्यात आमच्याकडे पिशव्या ठेवायला जागा नसायची आणि पंधरा दिवसांनी त्याच खिडकीवर आम्ही लोकांना 'दाता घेऊन या' म्हणत असायचो. गणपतीत घेतलेल्या प्लेटलेट्स तोवर केव्हाच बाद झालेल्या. लाल पेशी उरतात, पण त्यांनाही मुदत असतेच.

सर्वांत ओस काळ कोणता माहीत आहे? पितृपक्ष. अनंत चतुर्दशी झाली की मांडव उतरतो, कार्यकर्ते झोपा काढतात आणि त्या पंधरवड्यात नवं काही करायचं नाही म्हणून शिबिरंही नाहीत. नवरात्र लागेपर्यंत फोन शांत. डेंगी मात्र पंचांग बघून येत नाही.

म्हणून मंजू, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तू काही सोडू नकोस, मंडळाला तारीख सोडायला सांग. शिबिर पितृपक्षात घ्या. तुझी इंटर्नल तोवर संपलेली असेल.

बंडूकाका_लोकमान्यनगर

पितृपक्षात?! ताई, पितृपक्षात कोणी नवा पंखा विकत घेत नाही, तुम्ही शिबिराचं उद्घाटन करायला सांगून राहिल्या. पाहुणा कोण येईल?

सुईदोरा

पाहुणा नकोच. पाहुणा आला की दाते तासभर उन्हात उभे राहतात, कारण फीत कापल्याशिवाय पहिली सुई टोचायची नसते.

आणि पितृपक्षात दान चालत नाही असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? आपण त्या पंधरवड्यात शिधा देतो, जेवू घालतो, गाईला घास काढतो. आजोबांच्या नावाने कोणी पिशवीभर रक्त दिलं तर आजोबा काही नाराज व्हायचे नाहीत.

एकच पथ्य. ज्याच्या घरी त्या दिवशी श्राद्ध असेल त्याने येऊ नये, कारण तो दुपारपर्यंत उपाशी असतो. उपाशी पोटी किंवा उपास धरून रक्तदान करायचं नसतं, हा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी खीर-वडे पचल्यावर या. गणपतीतही हीच अडचण असते. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी शिबिर ठेवलं की निम्म्या बायका आदल्या दिवसाच्या निर्जळी उपासाने गळालेल्या असतात.

महालक्ष्मीची_सून

मी मंजूची आई नाही, पण तिच्या आईच्या जागी आहे. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला, तिसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी तिची सकाळची वॉर्ड ड्यूटी लागली. घरात कुरकुर झाली, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी मी ठरवलं. आदल्या रात्री तिने मुखवटे बसवायला आणि साड्या नेसवायला मदत केली. तो भाग तिला मनापासून आवडतो, निऱ्या माझ्यापेक्षा छान घालते. जेवणाचा दिवस मी जावेबरोबर काढला. सोळा भाज्यांचं म्हणाल तर त्यातल्या निम्म्या एकत्र करून एकच मिसळभाजी केली. देवीने काही पान मागे सारलं नाही.

मुलींना सगळ्या सणातून मोकळं करू नका, त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं. एक काम पूर्ण त्यांचं म्हणून द्या आणि बाकीच्याला हाक मारू नका. आमच्याकडे खरा त्रास 'जरा इकडे ये गं' याचाच होतो. पुस्तक उघडलं की कोणाला तरी वेलची सोलून हवी असते.

रामबागेतली_मंजू

काकू, 'जरा इकडे ये गं' 😂 काल फार्माकोलॉजीचं पुस्तक आणि नारळ खवणी एकाच ताटाशेजारी होती. ऑटोनॉमिक ड्रग्जच्या पानावर खोबरं सापडेल.

सुईदोराताई, पितृपक्षाचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पॅथॉलॉजीत कंपोनंट सेपरेशन (रक्ताचे भाग वेगळे करणं) आत्ताच झालंय, तक्ता पाठ आहे, पण तो कॅलेंडरला लावून बघितला नव्हता. मंडळात बोलते. अजून एक विचारायचं होतं. पथकातल्या मुलींनी उत्साहाने नावं दिली आहेत, पण मागच्या वेळी त्यांतल्या बऱ्याच परत गेल्या, हिमोग्लोबिन कमी म्हणून. त्यांना फार वाईट वाटलं.

सुईदोरा

होणारच. दात्याला हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम लागतं, पुरुष असो की बाई. एखाद्या मुलीचं १२.२ असलं तर ती आजारी नाही, पण दाताही नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के ॲनिमिक (हिमोग्लोबिन कमी असलेल्या) आहेत, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा. मग लेझीम पथक त्याला अपवाद कसं असेल?

खरं तर तुझ्यासारखीने इथे काम करावं. शिबिराच्या दोन-तीन महिने आधी मुलींची हिमोग्लोबिन तपासणी कॉलेजच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या मदतीने करून घ्यायची. कमी निघालं तर डॉक्टरांकडे पाठवायचं, गोळ्या त्यांनी सांगितल्या तर घ्यायच्या, जेवणानंतर लगेच चहा ढोसायचा नाही, लिंबू पिळायचं. याला ना मांडव लागतो ना माईक. फोटो चांगला येत नाही हे खरं.

बाकी अटी यादी करताना आधीच विचार, म्हणजे रांगेतून कोणाला परत जावं लागणार नाही: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि बायकांचे १२० दिवस झालेले. रात्रपाळी करून न झोपता आलेला चालत नाही. म्हणून झांकीच्या दुसऱ्या दिवशी शिबिर नको. बंडूकाका, तुमच्याकडच्या लोकांनी हे एकदा केलं होतं ना?

बंडूकाका_लोकमान्यनगर

आमच्याकडे नाही. शेजारच्या मंडळाने केलं होतं. तिघं आडवे झाले. एक तर सुई टोचायच्या आधीच.

गरब्यातली_फिजिओ (बडोदा)

इंदूरकरांच्या धाग्यात बडोद्याची नाक खुपसते, चालेल ना? आमच्याकडे गणपतीही (दांडिया बाजार, आमचं बालपण) आणि वर नऊ रात्री गरबा. फिजिओथेरपीला होते तेव्हा आम्ही काही जणी गरब्याच्या मैदानावर मदतकक्षात बसायचो. शिकवलं त्यापेक्षा जास्त तिथे कळलं: मुरगळलेला घोटा, तळपायाला आलेले फोड, मधूनच छातीत धडधडतंय म्हणणारी माणसं.

माझा अनुभव असा की समाजसेवा आणि अभ्यास यांचं वैर तेव्हाच होतं जेव्हा सेवेच्या नावाखाली खुर्च्या लावणं आणि नाश्त्याची पाकिटं भरणं येतं. तेही कोणीतरी करायचंच असतं, पण परीक्षेच्या आठवड्यात ते दुसऱ्याने करावं. मंजूने तिच्या विषयाला जे लागून आहे तेच घ्यावं.

छातीवर दाब द्यायचं शिकवणं हे एक उत्तम काम आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हात सरळ, मध्ये थांबायचं नाही. हे शिकवायला डॉक्टर असावं लागत नाही, पण तू स्वतः रीतसर प्रशिक्षण घेतलेलं हवं. ढोल-ताशा वाजवणाऱ्या पोरांना लय सांगावी लागत नाही, एवढं नक्की. फक्त त्यांना थांब म्हणावं लागतं.

अर्धझोपेतला_इंटर्न

+१. आणि विसर्जनाच्या रात्रीसाठी हे खरंच उपयोगी आहे. आपल्याकडे झांक्या जेल रोड, एम.जी. रोड, जवाहर मार्ग करत खजुरी बाजारातून राजवाड्याकडे येतात तेव्हा पहाट झालेली असते. मी दोन वर्षांपूर्वी स्वयंसेवक म्हणून उभा होतो. लोकांना वाटतं अखाड्यातल्या पटा-बनेटीने जखमा होत असतील. आमच्याकडे आले ते वेगळेच: अनवाणी चालून काच लागलेले, तासन्‌तास उभं राहून चक्कर आलेले, खांद्यावरच्या पोराची चप्पल डोळ्याला लागलेला एक बाप.

चक्कर आलेल्याला लोक पहिलं काय करतात? चारजण धरून उभं करतात आणि तोंडात पाणी ओततात. आमचं सगळं काम तेवढंच होतं: आडवं करा, पाय वर घ्या, घोळका मागे सारा, शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत बहुतेकजण उठून बसायचे आणि विचारायचे, 'हुकुमचंदची झांकी गेली का?'

जो उठला नाही, ज्याला छातीत दुखतंय किंवा ज्याचं बोलणं अडखळतंय त्याला सरळ १०८. आपण डॉक्टर व्हायला जायचं नाही. आणि मंजू, एकाच ठिकाणी उभं राहायचं, सगळ्यांना माहीत असलेल्या. मी पहिल्या वर्षी फिरत राहिलो, कोणाला सापडलोच नाही. रात्री एकला घरी जायचं. पूर्ण रात्र जागणं वर्णनात लिहायला छान वाटतं, दुसऱ्या दिवशी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) असेल तर अजिबात नाही.

निवांत_वाचक

शुगरच्या टेबलाबद्दल एक राहिलं. आमच्या कॉलनीत मागच्या वर्षी असंच टेबल होतं. संध्याकाळी निर्माल्याच्या कलशात वापरलेल्या लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) सापडल्या, फुलं वेगळी करणाऱ्या बाईच्या बोटाला टोचली. तिला मग तपासण्या, इंजेक्शनं, महिनाभर धास्ती. स्वच्छतेत आपलं शहर देशात पहिलं म्हणून मिरवतो आपण, आणि घरचा कचराही वेगळा करून देतो. मग सुया?

सुईदोरा

हे फार महत्त्वाचं. सुया-लॅन्सेट न टोचणाऱ्या पांढऱ्या कडक डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. दोन्ही ज्या दवाखान्याने किंवा पेढीने आणलं त्यांनी परत न्यायचं, कॉलनीच्या कचरागाडीत टाकायचं नाही. परत न्यायला कोणी तयार नसेल तर टेबल मांडू नका. माझं तर म्हणणं, शुगरचं टेबल नकोच. बीपी बघा, तेही पाच मिनिटं बसवून. आरतीत टाळ्या वाजवून आलेल्याचं लगेच घेऊ नका.

रामबागेतली_मंजू

काल बैठक झाली. थोडक्यात सांगते, उद्या मायक्रो आहे.

तारखेवर बराच वाद झाला. एका काकांनी बंडूकाकांचंच वाक्य म्हटलं, 'एरवी कुत्रं येत नाही.' मी प्लेटलेट्सचे पाच दिवस आणि डेंगीचे महिने फळ्यावर लिहून दाखवले. कोणी फारसं हललं नाही. मग एक आजोबा उठले, त्यांच्या नातीला थॅलेसेमिया आहे. म्हणाले, तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं आणि पितृपक्षात दरवर्षी मलाच ओळखीच्यांना फोन करत बसावं लागतं. त्यावर कोणी बोललं नाही.

ठरलं असं की गणपतीत फक्त नावनोंदणी, मांडवाच्या दाराशी वही ठेवून. शिबिर पितृपक्षातल्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये, फीत नाही. बीपीचं टेबल ठेवतील, तिथे मंडळातलेच एक निवृत्त डॉक्टर बसणार, मी आकडे लिहिणार. शुगर रद्द. पत्रकावर माझं नाव नाही. लेझीम मात्र सोडली नाही, फक्त सरावाला एक दिवसाआड जाते. महालक्ष्म्यांत मुखवटे आणि साड्या माझ्याकडे. काकू, तुमचीच कल्पना आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'निऱ्या येतात का तुला?' येत नाहीत.

महालक्ष्मीची_सून

आधी उशीवर सराव कर. जरीची साडी घेऊ नकोस, निसटते.

बंडूकाका_लोकमान्यनगर

बरं. आमच्याही मंडळात विषय काढून पाहतो, होईल असं वाटत नाही, आमचे अध्यक्ष फ्लेक्सवाले आहेत. पण गणपतीतलं शिबिर आम्ही बंद करणार नाही, सांगून ठेवतो. फार तर दुसरं एक घेऊ.

सुईदोरा

दुसरं घ्या, स्वागत आहे. फक्त पहिल्यातले दाते दुसऱ्याला आणू नका, ९० दिवसांचं लक्षात ठेवा. दात्यांना दोन गटांत वाटा, निम्म्यांना सांगा की तुमची पाळी पितृपक्षात. आणि तारीख ठरवायच्या आधी पेढीला विचारा, छापून झाल्यावर नव्हे.

अर्धझोपेतला_इंटर्न

पथकातल्या पोरांचं एक विचारायचं होतं. दंडावर गणपती, मनगटावर महाकाल, नवीन नवीन टॅटू आहेत. चालतात?

सुईदोरा

टॅटू काढल्यापासून बारा महिने नाही.

बंडूकाका_लोकमान्यनगर

मग आमचे ताशेवाले सगळे गेले. ढोलवाल्यांना विचारून सांगतो.